उशाशीं ठेवलेलें शस्त्र

मनुष्य दिवसभर आपल्या हातांचा धनी असतो. हात कोठें घालावा व कोठें आवरावा हें तो विचारानें ठरवितो, आणि चुकला तर त्याचा जाब देतो. परंतु रात्रीं दिवा मालवून त्यानें अंथरुणाला पाठ टेकली कीं हें धनीपण तो खालीं ठेवितो. विचार निजतो, विवेक निजतो, आणि बहुतेकांच्या बाबतींत हातही निजतो. पण कांहीं माणसें अशीं असतात कीं त्यांचा विवेक निजलेला असतो आणि हात मात्र उठतो. अशा हाताकडून अनर्थ घडला तर त्याचा दोष कोणावर ठेवावा, या प्रश्नाचा विचार विद्वान लोक शतकानुशतकें करीत आले आहेत. आमच्या वाचकांस तो दूरचा वाटेल. परंतु ज्या घरांत उशाखालीं कोयता किंवा खाटेखालीं कुऱ्हाड ठेवून निजण्याची वहिवाट आहे, त्या घरांत हा प्रश्न दररोज रात्रीं अंथरुणाशेजारीं येऊन पडलेला असतो. म्हणून त्याचा थोडा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

शस्त्र उशाशीं ठेवणारा मनुष्य दुष्ट असतो असें नाहीं. बहुधा तो भ्यालेला असतो, आणि त्याच्या भयाला कारणही असतें. राखणीला शेतांत निजणाऱ्यास रानडुकराचें भय. जुन्नरकडे उंसाच्या फडांत बिबटे राहूं लागल्यापासून तिकडील वस्त्यांवर बिबट्याचें भय. मळ्यांतल्या एकट्या घरास चोराचें भय. शिवाय दुसरें एक कारण आहे, आणि तें फार जुनें आहे. लोखंडाला भूतपिशाच भितें, अशी समजूत आपल्या गांवांतून चालत आली आहे. बाळंतिणीच्या उशाखालीं विळा किंवा सुरी ठेवितात. जो झोंपेंत दचकतो, ओरडतो, ज्याच्या छातीवर कोणी बसल्यासारखें होतें, त्याच्याही उशाखालीं सुरी किंवा कोयता सरकवितात. ही रीत पुष्कळांनीं सोडली आहे; पण कांहीं घरांत, वडील माणसांचें मन मोडूं नये म्हणून, ती अद्याप राहिली आहे.

या रीतींत धोका कोठें आहे, तें वाचकांनीं नीट पाहावें. ज्याची झोंप स्वस्थ आहे त्याच्या उशाखालीं सुरी असली तर ती सकाळपर्यंत तेथेंच राहील. पण ज्याची झोंप बिघडलेली आहे, त्याच्याच उशाखालीं आपण ती मुद्दाम ठेवितों! ज्या घरांत शस्त्र दूर असावें, नेमक्या त्याच घरांत तें जवळ आणिलें जातें.

झोंपेंत माणसाला काय होतें, याविषयीं वैद्यकशास्त्रानें आतां बरेंच जाणलें आहे. रात्रीची झोंप ही आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखी नसते. रात्रीच्या पहिल्या भागांत गाढ झोंप अधिक असते. तिच्यांतून कांहीं माणसें अर्धवट उठतात. डोळे उघडे असतात, पाय चालतात, हात कडी काढितात, पण समोर कोण आहे हें ओळखणारें मन निजलेलेंच असतें. यासच झोंपेंत चालणें म्हणतात. मुलांत हें पुष्कळ आढळतें, आणि बहुतेक मुलें मोठीं होतां होतां त्यांतून सुटतात. कांहीं थोड्यांची ही खोड मोठेपणींही राहते. पुष्कळदां ती एकाच घराण्यांत अनेकांस असते. जागरण, ताप आणि कांहीं झोंपेच्या गोळ्या यांनीं ती वाढते. सकाळीं त्या माणसास रात्रीचें बहुधा कांहींच आठवत नाहीं.

दुसरा प्रकार स्वप्नांच्या झोंपेंतला आहे. ही झोंप पहाटेकडे अधिक असते. आपण स्वप्नांत धांवतों, भांडतों, तरी आपले पाय अंथरुणावर स्वस्थ पडून असतात. कारण त्या वेळीं डोळे व श्वास यांचे स्नायु सोडून शरीराचे बहुतेक स्नायु ढिले पडावे, अशी योजना शरीरांतच आहे. कांहीं माणसांत ही योजना बिघडते. मग स्वप्नांत वाघाशीं झुंजणारा मनुष्य खरोखरच हात उगारतो व लाथ मारितो, आणि ती लाथ शेजारीं निजलेल्या बायकोस लागते. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांताच्या वैद्यांनीं १९८६ सालीं या विकाराचें नीट वर्णन केलें. पन्नाशी उलटलेल्या पुरुषांत तो अधिक दिसून आला आहे. आणि पुष्कळांच्या बाबतींत पुढें कांहीं वर्षांनीं येणाऱ्या कंपवाताची ती पहिली खूण असते.

तिसरा प्रकार छातीवर कोणी बसल्याचा. यांत मन जागें होतें, पण शरीराचा ढिलेपणा क्षणभर तसाच राहतो. म्हणून हात हलत नाहीं, आवाज फुटत नाहीं, आणि खोलींत कोणी आहे असा भास होतो. मुंज्या बसला, हडळ बसली, असें म्हणतात तें पुष्कळदां हेंच होय. तें कांहीं क्षणांत आपोआप ओसरतें. त्यावर उशाखालच्या लोखंडाचा कांहीं उपाय चालत नाहीं. कारण भिववणारें कोणी बाहेरून आलेलें नसतें.

हे विकार असलेलीं बहुतेक माणसें कोणास इजा करीत नाहींत, हें आम्ही मुद्दाम सांगतों. वाचकांनीं आपल्या निजलेल्या नातलगास भिऊं नये. परंतु क्वचित् घडणारी गोष्ट घडते तेव्हां काय होतें, याचीं दोन उदाहरणें न्यायालयांच्या नोंदींत आहेत.

स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं १८७८ सालीं एका तरुण कामकऱ्यानें रात्रीं आपल्याच तान्ह्या मुलाचा प्राण घेतला. एक पांढरें जनावर मुलाच्या अंथरुणाकडे झेपावत आहे असें त्यास झोंपेंत दिसलें. त्यानें त्या जनावरास धरून भिंतीवर आपटलें. जाग आली तेव्हां जनावर नव्हतें. होतें तें त्याचें लेकरूं. यापूर्वींही झोंपेंत त्यास असे झटके येत असत, असें साक्षीवरून सिद्ध झालें. पंचांनीं निर्णय दिला कीं कृत्याच्या वेळीं तो शुद्धीवर नव्हता, म्हणून तो जबाबदार नाहीं. न्यायालयानें त्यास सोडलें; मात्र यापुढें आपण रात्रीं एकटेच निजूं, असें वचन त्याजकडून घेतलें. शिक्षा नाहीं, पण वचन आहे. या वचनाकडे आम्ही पुन्हां येऊं.

दुसरी गोष्ट अमेरिकेंतील केंटकी प्रांताची. एक मनुष्य एका खाणावळीच्या बैठकींत झोंपीं गेला. त्याच्या अंगावर पिस्तुल होतें. तेथील नोकरानें त्यास उठविण्यासाठीं हलविलें. तो अर्धवट जागा होऊन उठला आणि त्या नोकरावर पिस्तुल झाडून मोकळा झाला. नोकर मेला. लहानपणापासून त्यास झोंपेंत उठण्याची खोड होती, आणि झोंपेंतून कोणी उठविलें तर तो अंगावर येत असे, हें दाखविण्याचा पुरावा त्यानें पुढें केला. पण खालच्या न्यायालयानें तो ऐकून न घेतां त्यास दोषी ठरविलें. १८७९ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय फिरविला, आणि असा पुरावा ऐकलाच पाहिजे असें ठरविलें. परंतु न्यायाधीशांनीं आपल्या निर्णयांत आणखी एक गोष्ट लिहून ठेविली. तिचा आशय असा कीं, या माणसास आपली खोड खरोखर ठाऊक असेल, तर शस्त्र अंगावर ठेवून चार लोकांच्या जागेंत झोंपीं जाण्यांत त्यानें समाजाविषयींच्या कर्तव्याचा मोठा भंग केला आहे, आणि त्याबद्दल तो कांहीं शिक्षेस पात्र आहे. मात्र तशी शिक्षा देणारा कायदा आम्हांस माहीत नाहीं.

प्रिय वाचकहो, आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर याच विचारांत आहे. कायद्यास जेथें कलम सांपडलें नाहीं, तेथें सदसद्विवेकबुद्धीस तें सांपडलें पाहिजे.

झोंपेंतला मनुष्य निर्दोष आहे, हें धर्मशास्त्री पूर्वींपासून मान्य करीत आले आहेत. ऑगस्टीननें आपल्या आत्मचरित्रांत देवापुढें असा प्रश्न मांडला आहे कीं, जागेपणीं ज्या गोष्टींस मी नकार देतों त्यांस स्वप्नांत होकार देतों, तर त्या वेळीं मी मीच नसतों काय? पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभीं, फ्रान्सांतील व्हिएन येथें भरलेल्या धर्मसभेच्या काळांतील नियमांत असें ठरलें कीं वेडा, अजाण बालक किंवा निजलेला मनुष्य यांच्या हातून कोणी मेला तर त्यांस धर्मपदाच्या आड येणारा दोष लागत नाहीं. हें योग्यच आहे. जेथें जाणणें नाहीं तेथें पाप कोठून असणार?

पण एवढ्यावर थांबणें म्हणजे अर्धाच हिशेब करणें होय. रात्रीं बारा वाजतां जो हात उठला तो निजलेला होता खरा. परंतु रात्रीं नऊ वाजतां ज्या हातानें कोयता उशाखालीं सरकविला, तो हात पूर्ण जागा होता. त्यास ठाऊक होतें कीं आपण झोंपेंत उठतों. त्यास ठाऊक होतें कीं शेजारीं लेकरें निजतात. मग रात्रीच्या कृत्याचा जाब नसला तरी संध्याकाळच्या कृत्याचा जाब त्यास द्यावाच लागेल. मोशेच्या नियमशास्त्रांत मारक्या बैलाविषयीं हाच भेद केला आहे. बैलानें अचानक माणूस मारला तर धनी निर्दोष. पण बैल मारका आहे असें धन्यास आधीं बजावलें असतांही त्यानें तो बांधला नाहीं, तर धनी दोषी. बैलाला जाणीव नसते, धन्याला असते. ज्याची झोंप मारकी आहे, त्यानें ती दिवसा बांधून ठेविली पाहिजे. त्याच नियमशास्त्रांत नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. कोणी पडेलच असें नाहीं. पण पडलाच तर रक्ताचा दोष घरावर येऊं नये, म्हणून ती आज्ञा दिलेली आहे.

आपल्याकडील एक खटलाही या भेदावर प्रकाश पाडतो. नागपूर उच्च न्यायालयापुढें १९५२ सालीं अशा एका माणसाचा खटला आला कीं जो मुलास घेऊन रानांत पानें तोडावयास गेला होता, आणि तेथें आजारानें व पडल्यानें भ्रम होऊन त्यानें आपल्याच मुलास वाघ समजून त्यावर कुऱ्हाड चालविली. तो खरोखरच वाघ आहे असें समजून त्यानें तें केलें, म्हणून तो सुटला. हें झोंपेंत घडलें नव्हतें, तरी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. रानांत गेलेल्याच्या हातांत कुऱ्हाड असणारच. ती त्याच्या कामाची वस्तु होती, आणि भ्रम होईल हें त्यास आधीं ठाऊक नव्हतें. पण निजलेल्या माणसास कुऱ्हाडीचें कोणतें काम आहे? १८६० चा दंडसंहितेचा कायदा १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तरी योग्य काळजी व लक्ष यांशिवाय केलेल्या कृत्यास सद्भावनेचें कृत्य म्हणतां येत नाहीं, हें तत्त्व जुन्या कायद्यांत होतें तसेंच नव्यांतही आहे. काळजी घेण्याची वेळ जागेपणींच असते.

यावर कोणी म्हणेल, चोर आला तर काय करावें? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. परंतु शौल राजाची गोष्ट आठवावी. जीफाच्या रानांत तो निजला असतां त्याचा भाला त्याच्या उशाशींच जमिनींत रोवलेला होता, आणि सभोंवतीं अबनेर व सर्व सैन्य होतें. दावीद व अबीशय रात्रीं आंत शिरले. अबीशय त्याच भाल्यानें शौलास जमिनीशीं खिळावयास तयार होता. शौल वांचला तो उशाशीं भाला होता म्हणून नव्हे, तर ज्याच्या हातांत तो भाला गेला त्या दावीदानें हात आवरला म्हणून. उशाशीं ठेवलेलें शस्त्र प्रथम जो जागा असेल त्याचें होतें. आणि चोर येतो तेव्हां धनी निजलेला व चोर जागा असतो.

आणखी विचार करा. रात्रीं आपल्या घरांत पाऊल कोणाचें वाजतें? चोर वर्षांत एकदांही येत नसेल. पण बायको पाणी प्यावयास उठते, म्हातारी आई बाहेर जाते, रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी धरून मुलगा पहाटे परत येतो, लहान मूल भिऊन बापाच्या कुशींत शिरूं पाहतें. अर्धवट जागा झालेला मनुष्य जो अंगास स्पर्श करील किंवा वाट अडवील, त्याजवर धांवून जाण्याचा संभव अधिक असतो. आणि स्पर्श करणारें बहुधा आपलेंच माणूस असतें. म्हणून चोरासाठीं परजलेली धार चोरास लागण्याआधीं लेकरास लागण्याचें भय आहे. एकट्या घरास मजबूत कडी, भुंकणारें कुत्रें, हाताशीं विजेरी आणि शेजाऱ्यास हांक ऐकूं जाईल अशी व्यवस्था, हीं उशाखालच्या कोयत्याहून चांगलीं आहेत. आधीं उजेड करावा, मग कोण आहे म्हणून विचारावें, आणि हात सर्वांच्या मागून उचलावा. हा क्रम ज्यास पाळतां येईल, तोच खरा जागा आहे.

राखणीला जाणाऱ्याविषयीं आम्ही वेगळें बोलतों. त्यास काठी व कुऱ्हाड न्यावीच लागेल. त्यानें ती माचाच्या खांबाशीं, उठून दोन पावलें गेल्याशिवाय हात पोंचणार नाहीं अशी ठेवावी; सोबत्याच्या व आपल्यामध्यें ठेवूं नये. ज्यास झोंपेंत उठण्याची खोड आहे त्यास मात्र माचावर किंवा एकट्यास राखणीला पाठवूं नये. पडूनही जीव जावयाचा. भाऊबंदांनीं त्याच्या वांटणीची रात्र आपण घ्यावी, आणि त्यानें त्यांचें दिवसाचें काम करावें. यांत कोणास कमीपणा नाहीं.

ज्या घरांत असा मनुष्य आहे त्या घरानें काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. कोयता, विळा, सुरी, कुऱ्हाड हीं निजण्याच्या खोलींत ठेवूंच नयेत. दुसऱ्या जागीं कुलुपांत ठेवावीं आणि किल्ली दुसऱ्या माणसाजवळ असावी. कारण झोंपेंत चालणारा मनुष्य कडी काढूं शकतो, हें वर सांगितलेंच आहे. परवान्याची बंदूक असेल तर ती रिकामी व काडतुसें निराळ्या कुलुपांत असावीं. त्याचें अंथरूण जमिनीवर, विहीर व पायऱ्या यांपासून दूर असावें. स्वप्नांत हातपाय झाडणाऱ्याच्या शेजारीं मूल निजवूं नये. कांहीं दिवस बायकोनेंही वेगळें अंथरूण घातलें तर त्यांत रुसवा मानूं नये. तो उठून चालूं लागला तर त्यास गदगदां हलवूं नये, धरून अडवूं नये; थोडें दूर राहून शांतपणें नांवानें हांक मारावी व हळूहळू अंथरुणाकडे वळवावें. जागरण टाळावें. दारू झोंपेची घडी विसकटते, म्हणून ती वर्ज्य करावी. आणि सर्वांत महत्त्वाचें, त्यास डॉक्टरांकडे न्यावें. मोठ्या माणसास हा त्रास नव्यानें सुरू झाला असेल तर विलंब करूं नये. या विकारांवर औषध आहे.

आमच्या उपदेशकांस दोन शब्द. अशा माणसास कोणी भूत लागलें म्हणेल, कोणी त्याचें मन पापी म्हणून तो असें करितो म्हणेल. दोन्ही बोलणीं चुकीचीं आहेत, आणि तीं ऐकून घरचे लोक हा विकार लपवूं लागतात. लपविलेल्या विकाराशेजारींच शस्त्र अधिक काळ राहतें. बायकोच्या अंगावरचा वळ पाहून तिला एकांतीं, दुसऱ्या वडील बाईकडून, विचारावें. कारण उलट बाजूही आहे: जागेपणीं मारणारा मनुष्य झोंपेचें निमित्त पुढें करूं शकेल. कोणतें खरें हें ठरविणें डॉक्टरचें व न्यायालयाचें काम आहे. तोंवर त्या बाईची व लेकरांची सुरक्षितता पाहणें हें मंडळीचें काम आहे. आणि ज्याच्या हातून खरोखर झोंपेंत इजा झाली, त्याचें दुःख फार मोठें असतें. त्यास वाळीत टाकूं नये. ग्लासगोच्या त्या बापास न्यायालयानें सोडलें, पण आपल्या मुलाचा मृत्यु त्यास जन्मभर वाहणें प्राप्त झालें. अशास निर्दोष म्हणावें, आणि त्याच वेळीं त्याजकडून ग्लासगोच्या न्यायालयानें घेतलें तसें वचन घ्यावें. निर्दोष म्हणणें ही दया आहे. वचन घेणें हें शेजाऱ्याच्या जिवाचें रक्षण आहे. एकाशिवाय दुसरें अपुरें राहील.

जो मनुष्य म्हणतो, मला झोंपेंत काय होतें तें माझ्या हातीं नाहीं, त्यास आम्ही म्हणतों, खरें आहे; परंतु झोंपण्यापूर्वीं काय करावें तें सर्वस्वीं तुझ्या हातीं आहे. ज्यांच्या घरीं उशाखालीं लोखंड आहे त्यांनीं आज दिवा मालविण्यापूर्वीं तें काढून दूर कुलुपांत ठेवावें. त्यानें चोर अधिक येणार नाहींत, आणि उशाशीं सकाळीं पश्चात्ताप करावा असें कांहीं उरणार नाहीं.